धुरकट चहाचे अत्तर : सकाळी धूर आणि दुपारी जर्दाळू, हे असे का होते?

प्रश्न : सायली_कोथरूड

नमस्कार. पोर्टलंडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने दिवाळीला येताना तिथल्या एका स्वतंत्र अत्तरकर्तीकडून घेतलेली ५ मिलीची तपकिरी काचेची कुपी माझ्यासाठी आणली. या बाई घरातल्याच एका खोलीत तेलावर आधारलेली अत्तरे बनवतात, त्यांत अल्कोहोल मुळीच घालत नाहीत, आणि या विशिष्ट अत्तराची कल्पना त्यांना लॅपसांग सूचाँग नावाच्या चिनी चहावरून सुचली, एवढे सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेले होते. घटकांमध्ये धुरावलेला काळा चहा, सुके जर्दाळू, आलुबुखार, बर्गमॉट (लिंबूवर्गातले एक फळ), ‘किंचित बर्च टार’ आणि नारळाचे फ्रॅक्शनेटेड तेल अशी नावे आहेत.

चहा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर गवती चहा, आले आणि वेलची घालून उकळलेला आपला दुधाचा चहाच येतो, त्यामुळे तसेच काहीतरी उबदार असेल अशा समजुतीने मी पहिल्याच दिवशी दोन्ही मनगटांवर, मानेवर आणि ओढणीच्या काठाला ते सढळ हाताने लावून कार्यालयात गेले. अर्ध्या तासात शेजारच्या सहकाऱ्याने कुठे वायर जळते आहे का, असे विचारून इलेक्ट्रिशियनला बोलावण्याची तयारी केली. मी मान खाली घालून हात धुऊन आले, तरी वास गेला नाही. मात्र दुपारी जेवणानंतर त्याच मनगटावर जर्दाळूच्या मुरंब्यासारखा, थोडा आंबटगोड आणि इतका सुंदर वास येऊ लागला की मी पुन्हापुन्हा हात नाकाशी नेत राहिले. संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंनी ओढणीचा वास घेऊन ‘ऊद घातलास का गं?’ असे कौतुकाने विचारले, म्हणजे ओढणीवर अजून धूरच होता.

माझी मुख्य शंका अशी की धूर आणि फळ यांचा चहाशी नक्की संबंध काय, कारण मला चहा कुठेच सापडला नाही. त्याशिवाय त्वचेवर धूर आधी आणि फळ नंतर, पण कापडावर दिवसभर धूरच, असे का व्हावे? हे अत्तर रोज लावण्यास सुरक्षित आहे का, आणि सहकाऱ्यांना न घाबरवता ते कसे लावावे, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ : चहाबाज

सायलीताई, धूर आणि फळ ही जोडी त्या अत्तरकर्तीने आपल्या मनाने जुळवलेली नाही, ती त्या चहातच आहे. लॅपसांग सूचाँग हा चीनच्या फुज्येन प्रांतातील वुयी पर्वतात, थोंगमू या गावाच्या परिसरात तयार होणारा चहा आहे. तिथे चहा सुकवण्यासाठी तीन-चार मजल्यांची लाकडी इमारत असते, जिच्या तळाशी पाइनची लाकडे जळत ठेवतात आणि ऊब व धूर फटी ठेवलेल्या जमिनींतून वर चढत जातात. वरच्या मजल्यांवर नुकती खुडलेली पाने मलूल होण्यासाठी पसरलेली असतात, आणि पुढे मळून, ऑक्सिडीकरण होऊन लालसर झालेली तीच पाने शेवटी पुन्हा त्याच धुरावर सुकवली जातात, म्हणजे एकाच पानाला धूर दोनदा मिळतो. कोकणातल्या जुन्या घरात चुलीवरच्या माळ्यावर पावसाळ्यासाठी ठेवलेल्या वस्तूंना जो वास लागतो, तो ज्यांनी घेतला आहे त्यांना ही रचना समजायला अडचण येणार नाही.

आता फळाविषयी. थोंगमूचे लोक उत्तम चहाची खूण सांगताना ‘पाइनच्या धुराचा गंध आणि सुक्या लाँगनच्या काढ्याची चव’ अशी जोडी सांगतात. लाँगन हे लिचीच्या कुळातील फळ आहे (आपला रिठाही त्याच कुळातला, पण त्याचा इथे काही उपयोग नाही), आणि ते सुकवल्यावर काळा मनुका, गूळ आणि खजूर यांच्या मधे कुठेतरी बसणारी चव येते. निर्यातीसाठी बनवलेल्या स्वस्त मालाला मात्र इतका धूर देतात की हे फळ त्याखाली गाडले जाते, आणि म्हणूनच ज्यांनी फक्त तोच चहा प्यायला आहे ते ‘हा चहा नव्हे, हे डांबर आहे’ असे म्हणतात. तुमच्या अत्तरकर्तीने फळ वर काढून ठेवले आहे, त्यावरून तिने बरा चहा प्यायलेला असावा असा माझा कयास आहे.

या चहाच्या जन्माची एक कथा सांगतात. सतराव्या शतकात सैन्याचा तळ गावात पडल्यामुळे पाने सुकवायला उशीर झाला आणि ती घाईने पाइनच्या जाळावर सुकवावी लागली, असे म्हणतात. कथा दंतकथेच्या जातीची आहे, परंतु काळ्या चहाच्या इतिहासात या गावाला पहिला मान देण्याची प्रथा आहे एवढे खरे.

आपल्या देशातही असा चहा आहे, हे फार जणांना ठाऊक नसते. मी नोकरीनिमित्त काही वर्षे वरच्या आसामात होतो, तेव्हा मार्घेरिटाच्या बाजूला सिंग्फो या तिथल्या आदिवासी जमातीच्या लोकांच्या घरी ‘फालाप’ प्यायलो. ते पाने भाजून, उन्हात सुकवून बांबूच्या नळ्यांत ठासून भरतात आणि त्या नळ्या चुलीवर धुरात टांगून ठेवतात. पुढे त्याचा घट्ट दांडा तयार होतो, तो सुरीने कापून उकळत्या पाण्यात टाकायचा. त्या पेयात धूर असतो, ओल्या बांबूचा गोडवा असतो आणि मागे सुक्या फळासारखे काहीतरी राहते. त्यात दूध घालण्याचा विचारही कोणी करत नाही. तुम्हाला अत्तरात चहा सापडला नाही याचे निम्मे कारण मला वाटते दुधातच आहे, कारण आपण चहा म्हणून ज्याचा वास ओळखतो त्यात आले, वेलची आणि उकळलेले दूध यांचाच वाटा मोठा असतो.

प्रतिसाद २ : निर्गंध

वरील माहिती रंजक आहे, परंतु मला मूळ तक्रार योग्य वाटते. एखाद्या वस्तूला चहाचे नाव देऊन विकल्यावर ज्याने तो विशिष्ट चहा कधीच प्यायलेला नाही त्यालाही चहा ओळखू यावा, नाहीतर ते नाव फक्त कुपीची किंमत वाढवण्यासाठी आहे असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही.

प्रतिसाद ३ : बाष्पपात्र

निर्गंध यांचा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. चहाच्या पानांचा अर्क अत्तरासाठी मिळतो, परंतु तो गडद, गवताळ आणि तंबाखूकडे झुकणारा असतो, आणि नुसता लावला तर कोणालाही चहाचा पेला आठवत नाही. अत्तरकार म्हणूनच चहाचा भास इतर द्रव्यांतून रचतात. १९९२ मध्ये फ्रेंच अत्तरकार जाँ-क्लोद एलेना यांनी बुल्गारी या इटालियन कंपनीसाठी हिरव्या चहाचे जे प्रसिद्ध अत्तर केले, त्यातील चहा मुख्यतः हेडिओन हे जाईची आठवण देणारे, हवेशीर द्रव्य आणि आयोनोन हे व्हायोलेट फुलाच्या वासाचे द्रव्य यांच्या जोडीतून उभा राहिला होता. धुरकट चहाचीही परंपरा आहे. १९९८ मध्ये आनिक मेनार्दो यांनी त्याच कंपनीच्या ‘ब्लॅक’मध्ये लॅपसांगचा धूर रबराच्या वासाशेजारी मुद्दाम बसवला, आणि २००० मध्ये ओलिव्हिया जाकोबेत्ती यांचे ‘टी फॉर टू’ आले, ज्यात धुरकट चहाबरोबर मसाले आणि मध आहेत. सहकाऱ्याला जळकी वायर आठवली याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटले नाही. बर्च टार म्हणजे बर्च झाडाच्या सालीला हवा न देता तापवून काढलेले डांबर, जे रशियात चामडे कमावताना वापरत असत, आणि त्याची मात्रा जरा वाढली की चामडे, रबर आणि जळके प्लास्टिक यांच्या सीमा पुसट होतात.

धुराला वास कशामुळे येतो, ते थोडे सांगतो, कारण तुमच्या सासूबाईंच्या उदापर्यंत आपल्याला त्यानेच पोहोचता येईल. लाकडातील लिग्निन, म्हणजे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य, तापून फुटले की ग्वायाकोल आणि सिरिंगोल ही दोन मुख्य गंधद्रव्ये सुटतात. पाइनसारख्या मऊ लाकडात लिग्निनची ठेवण अशी असते की त्यातून प्रामुख्याने ग्वायाकोलच निघते, तर आंबा किंवा बाभळीसारख्या कठीण लाकडाच्या धुरात सिरिंगोलही भरपूर असते. पाइनमध्ये भर पडते ती राळेची, आणि लॅपसांगच्या सुवासात लाँगिफोलिन व अल्फा-टर्पिनिऑल ही पाइनमधलीच द्रव्ये ठळकपणे सापडतात. म्हणजे हा धूर गावाकडच्या चुलीचा नव्हे, तो राळ जळण्याचा धूर आहे, आणि धूपदाणीत आपण जे टाकतो तेही झाडांचे डिंक आणि राळच असल्यामुळे सासूबाईंचे नाक तुमच्या सहकाऱ्यापेक्षा अधिक अचूक निघाले, असे म्हणावे लागेल.

क्रमाविषयी. सर्वांत हलकी फळद्रव्ये, म्हणजे केळे-नासपतीच्या वासाचे एस्टर आणि बर्गमॉटसारखी लिंबूवर्गीय तेले, आधीच उडून जातात, पण तीव्र धुराच्या आड ती पहिल्या दहा मिनिटांत जाणवलीच नसतील. जर्दाळू आणि पीच यांचा वास ज्यांच्यामुळे येतो ती लॅक्टोने जड आणि संथ असतात. डॅमास्कोन व डॅमास्केनोन ही आलुबुखार, शिजवलेले सफरचंद आणि गुलाब यांचा भास देणारी द्रव्येही बराच काळ टिकतात, आणि त्यांतले बीटा-डॅमास्केनोन काळ्या चहातही नैसर्गिकरीत्या असते, हे मुद्दाम नोंदवतो, कारण फळ आणि चहा यांना जोडणारा सांधा तोच आहे. त्यातून नाकाचा एक गुण असा की एकाच वासात सतत राहिल्यावर ते त्याची दखल घेणे थांबवते. सकाळभर धूर हुंगून तुमचे नाक त्याला सरावले, ग्वायाकोलही हळूहळू उडत गेले, आणि मागे उभे असलेले फळ तुम्हाला दुपारी दिसले. ते पहिल्यापासून तिथेच होते. ओढणीला मात्र शरीराची ऊब मिळत नाही, त्यामुळे तिथे सगळेच अतिशय मंदपणे उडते आणि डांबराचे जड अंश धाग्यांना धरून बसतात.

सुरक्षिततेविषयी दोन गोष्टी गंभीरपणे घ्याव्यात. कच्च्या बर्च टारमध्ये बेंझोपायरीनसारखी घातक बहुचक्रीय संयुगे असू शकतात, म्हणून आंतरराष्ट्रीय सुगंधी द्रव्य संघटनेच्या नियमांनुसार त्याचे शुद्ध केलेले रूपच वापरायचे असते आणि तयार अत्तरात ही संयुगे अब्जांशात एका भागाच्या वर जाऊ द्यायची नसतात. लहान उत्पादकाकडे ‘तुम्ही रेक्टिफाइड टार वापरता का?’ एवढा प्रश्न लेखी विचारावा. चांगला उत्पादक त्याचे उत्तर आनंदाने देतो, आणि जो टाळाटाळ करतो त्याचे अत्तर मी तरी त्वचेला लावणार नाही. दुसरी गोष्ट बर्गमॉटची. सालीतून दाबून काढलेल्या बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन असते, जे उन्हात त्वचेवर डाग पाडू शकते, आणि त्यामुळे अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत त्याची मर्यादा ०.४ टक्के आहे. बर्गाप्टेन काढून टाकलेले तेलही मिळते. हे उत्तर हाती येईपर्यंत उघड्या मानेवर लावून उन्हात जाऊ नका, आणि कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून ४८ तास वाट पाहा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : सायली_कोथरूड

सर्वांचे आभार. मी त्या बाईंना ईमेल केला होता आणि त्यांचे उत्तर एका दिवसात आले. टार रेक्टिफाइड आहे, बर्गमॉट बर्गाप्टेनरहित आहे आणि जर्दाळूचा वास एका लॅक्टोनमधून व थोड्या ऑस्मँथस फुलांच्या अर्कातून येतो, असे त्यांनी लिहिले आहे. कोपरावरचा ठिपका तीन दिवस शांत राहिला. ओढणीवर मात्र तेलाचा डाग पडला आहे आणि तो दोन धुण्यांत गेलेला नाही. आता ते लावायचे कसे, एवढेच सांगावे.

प्रतिसाद ४ : फाया

ताई, तुमचा घोटाळा असा झाला की तुम्ही अत्तराला स्प्रेसारखे वागवलेत. अल्कोहोल उडताना सुगंधाला आपल्याबरोबर उचलून खोलीभर नेते. तेल उडत नाही, ते त्वचेवर बसून गंध थोडा थोडा सोडते, त्यामुळे अशा अत्तराची जागा माणसाच्या हातभर अंतराच्या आत असते, आणि ते खोलीभर पोहोचले याचा अर्थ तुम्ही गरजेच्या चौपट तरी लावले असणार. आपल्याकडे हळदीकुंकवाला येणाऱ्या सवाष्णीच्या हाताच्या पाठीवर अत्तरदाणीतल्या काडीने फक्त एक रेघ ओढतात, आणि ती रेघ घरी पोहोचेपर्यंत पुरते. तेच माप इथेही ठेवा. कुपीच्या झाकणाला काचेची काडी असली तर ती कुपीच्या तोंडाशी निथळून घ्या, नसली तर दात कोरायची लाकडी काडी बुडवून एकच ठिपका घ्या. मनगटावर मनगट घासण्याची सवय असेल तर ती सोडा.

धुरकट अत्तर नाकापासून जितके लांब ठेवाल तितके ते शहाण्यासारखे वागते. मी असली अत्तरे कोपराच्या आत किंवा गुडघ्यामागे लावतो, म्हणजे धुराचा पहिला लोट माझ्या आणि इतरांच्याही नाकाखाली येत नाही, आणि बाहेर पडण्याच्या तासभर आधी लावतो, म्हणजे लोकांच्या वाट्याला फळच येते. जुनी मंडळी कानाच्या पाळीवरच्या खळग्यात अत्तराचा फाया ठेवत, ती पद्धत गुलाब, मोगरा, हिना यांसाठी उत्तम आहे, परंतु बर्च टार कानात घेऊन दिवस काढण्याचा प्रयोग मी एकदा केला आहे आणि पुन्हा करणार नाही. कापडाला तेल लावू नये, रेशमाला तर कधीच नाही. ओढणीवरील डागावर टाल्कम पावडर रात्रभर पसरून ठेवा, सकाळी झटका आणि मग भांडी घासण्याच्या साबणाच्या एका थेंबाने तेवढाच भाग चोळून धुवा. दोन धुण्यांनंतर किती उतरेल ते कापडावर अवलंबून आहे.

तुमच्या बाईंनी ऑस्मँथस वापरले हे वाचून बरे वाटले. हे पारिजातकाच्या कुळातले झाड आहे, त्याच्या फुलांना जर्दाळू आणि कोवळ्या चामड्याचा वास असतो आणि चीनमध्ये चहाला वास देण्यासाठी ती फुले पानांत मिसळण्याची जुनी रीत आहे, त्यामुळे धूर, चहा आणि जर्दाळू यांना एकत्र बांधायला याहून चांगला दुवा मिळणे कठीण. आपल्याकडे असलेच काम दवणा करतो. जोतिबाला चैत्रात वाहिला जाणारा आणि गजऱ्यात मरव्याशेजारी बसणारा हा दवणा ऊर्ध्वपातनातून काढला की त्याच्या तेलाला वाइनमध्ये भिजवलेल्या जर्दाळूसारखा वास येतो, आणि ते तेल जगभरचे अत्तरकार फळाचा आभास देण्यासाठी वापरतात. फळ अधिक हवे असेल तर एका हाताला तुमचे चहाचे अत्तर आणि दुसऱ्या हाताला दवण्याच्या अत्तराचा सूक्ष्म ठिपका लावून पाहा. कुपीत मात्र काही मिसळू नका. धूर अधिक हवा असेल, जो तुम्हाला नको आहे हे मला समजले, तर त्यासाठी कन्नौज या उत्तर प्रदेशातील अत्तरांच्या गावी लोबान, राळ आणि शिंपले मातीच्या भांड्यात कोरडे तापवून काढलेला चोया मिळतो. त्यापुढे तुमचा बर्च टार सौम्य वाटेल.

कुपी न्हाणीघरात किंवा खिडकीत ठेवू नये. नारळाचे फ्रॅक्शनेटेड तेल लवकर खवट होत नाही, परंतु त्यातली लिंबूवर्गीय द्रव्ये उष्णतेने बिघडतात, आणि पुण्याचा एप्रिल-मे त्यांना सोसत नाही. कपाटातला अंधारा कप्पा पुरेसा आहे. प्रवासातून आलेले तेलाचे अत्तर दोन आठवडे न हलवता ठेवल्यावर वास जुळून येतो, असे या छंदातील बहुतेक लोक मानतात. त्यात थोडा भाग श्रद्धेचा असावा असे मला वाटते, तरी मी स्वतः ठेवतो.

प्रतिसाद ५ : सायली_कोथरूड

काल कोपराच्या आत एकच ठिपका लावून गेले होते. त्याच सहकाऱ्याने दुपारी ‘कोणी जॅम आणला आहे का?’ असे विचारले. आता मला मूळ चहा प्यायचा आहे. चहाबाज, तो घ्यावा कसा आणि करावा कसा, हे सांगाल का?

प्रतिसाद ६ : चहाबाज

मोठ्या शहरांतील चहाच्या खास दुकानांत आणि ऑनलाइन लॅपसांग सूचाँग मिळतो. घेताना ५० ग्रॅमहून अधिक घेऊ नका, कारण घरात दुसरे कोणी पिणार नाही ही शक्यता धरूनच चालावे. पाने अखंड, काळी आणि वळलेली असावीत, आणि पाकीट उघडल्यावर धुराच्या पाठोपाठ सुक्या फळाचा गोडसर वास यावा. नुसते डांबर आले तर तो धुराने झाकलेला साधा माल समजा. थोंगमूचाच पण धूर न दिलेला चहाही बाजारात असतो, तो चुकून घेऊ नका. तो चांगला असतो, पण तुमच्या अत्तराशी त्याची ओळख पटणार नाही.

२०० मिली पाणी उकळून मिनिटभर थांबा, त्यात २ ग्रॅम, म्हणजे साधारण एक सपाट चमचा पाने टाकून झाकण ठेवा आणि तीन मिनिटांनी गाळा. पाने पाण्यात उकळू नका, दूध नको, साखर नको. पहिला घोट गरम घ्या, त्यात धूरच लागेल. मग पेला बाजूला ठेवून दहा मिनिटांनी कोमट झालेला चहा प्या, तेव्हा लाँगन पुढे येईल. तीच पाने दुसऱ्यांदा चार मिनिटे भिजवली तर धूर आणखी मागे सरतो, आणि मला स्वतःला तो दुसरा पेला अधिक आवडतो. उरलेली पाने घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि तो डबा रोजच्या चहाच्या डब्यापासून लांबच्या फळीवर ठेवा, नाहीतर आठवड्याभरात सासूबाईंच्या दुधाच्या चहालाही उदाचा वास येईल.